पंगत उठेपर्यंत

"हिला मागे घेऊन जा. पंगत उठेपर्यंत पुढे आणू नकोस."

दादा मला हे म्हणाले तेव्हा मंडप माणसांनी भरलेला होता. दादा म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. अलिबागला वकिली करतात. त्यांच्या मुलाची मुंज होती. काशीदच्या अलीकडे त्यांचं घर, घरामागे नारळ-सुपारीची वाडी, आणि वाडी संपते तिथं सुरूची झाडं आणि समुद्र.

माझी मुलगी जुई तेव्हा चार वर्षांची होती. ती जमिनीवर पडली होती. जरीचं पोलकं तिनं अंगातून ओढून काढलं होतं, एक बाही फाटून लोंबत होती. दोन्ही हात कानांवर. डोळे गच्च मिटलेले. आणि ती ओरडत होती. रडत नव्हती, ओरडत होती. एकाच सुरात, श्वास संपेपर्यंत. मग श्वास घेऊन पुन्हा.

झालं होतं इतकंच. शेवटची अक्षता पडली आणि ताशेवाल्यांनी एकदम सुरुवात केली. ते आमच्या पाठीमागे दोन हातांवर उभे होते. मला माहीत नव्हतं. जुई खाली कोसळली. कुणीतरी वयस्कर पाहुणे पुढे आले, "अरे अरे, काय झालं आमच्या बाळाला?" म्हणत त्यांनी तिला उचललं. ती त्यांच्या मनगटाला चावली. रक्त आलं.

ताशे थांबले. सगळे बघायला लागले.

दादा चालत आले. दादा कधी ओरडत नाहीत. हळू बोलतात. हळू बोलणाऱ्या माणसाचं सगळे ऐकतात, हे मी त्या घरात शिकले. त्यांनी मला ते वाक्य सांगितलं आणि मग पाहुण्यांकडे वळून, थोडं हसून म्हणाले, "आईचं माहेर शेतावरचं ना. माणसांची सवय नसते."

दोन बायका हसल्या. मोठ्यानं नाही. पदराआड.

आणि मी जुईला मारलं. थोबाडीत. सगळ्यांसमोर.

हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं सांगताना हे गाळायचा मोह होईल. मी तिला शिस्त लावायला मारलं नाही. मी तिला मारलं ते त्या माणसांना दाखवायला. बघा, मीसुद्धा तुमच्याच बाजूची आहे. मलाही हे पटलेलं नाही.

ती ओरडायची थांबली. माझ्याकडे बघितलंच नाही. माझ्या हाताकडे बघितलं.

वहिनी, म्हणजे दादांच्या बायको, आम्हाला स्वयंपाकघरातून मागच्या पडवीत घेऊन गेल्या. पडवीच्या टोकाला सुपारी साठवायची खोली. "इथे शांत आहे. बसा. मी जेवण पाठवते," म्हणाल्या आणि बाहेर गेल्या. दार लागलं. मग लोखंडाचा आवाज झाला.

मला वाटलं चुकून झालं. मी म्हटलं, "वहिनी, कडी लागली बहुतेक."

बाहेरून आवाज आला, "लागली नाही, लावलीय. ती धावत परत पुढे आली तर? थोडाच वेळ. प्लीज."

आणि पावलं गेली.

खोलीत पोती होती, भिंतीला टेकून. एक गजांची खिडकी वाडीकडे उघडणारी. बाहेर दुपारचं ऊन होतं, आत गारवा. जुई पोत्यांच्या बेचक्यात जाऊन बसली. तिचा गाल लाल झाला होता. मी तिच्याजवळ जायला घाबरले. खरं सांगते, मी माझ्या चार वर्षांच्या पोरीला घाबरले.

तिनंच माझा उजवा हात ओढला. मला वाटलं, आता चावणार. चावू दे. तिनं तो हात आपल्या कानावर ठेवला. मग डावा हात घेतला, दुसऱ्या कानावर ठेवला.

"दाब," म्हणाली.

मी दाबले. पुढे ताशे पुन्हा सुरू झाले होते. मी दोन्ही तळव्यांनी तिचे कान दाबून धरले आणि तिचा श्वास हळूहळू खाली बसला. ज्या हातानं मारून दहा मिनिटं झाली नव्हती, तोच हात तिनं कामाला लावला होता. दुसरा कुणाचा हात नव्हताच तिच्याकडे.

थोड्या वेळानं खिडकीशी कुणी आलं. स्वयंपाकाला मदतीला आलेली एक बाई. कडी काढायचं तिला कुणी सांगितलं नसावं. ताट गजांतून आत येईना. म्हणून तिनं एकेक पदार्थ द्रोणात घालून आत दिला. भात. बटाट्याची भाजी. जिलबी. तिचा चेहरा माझ्या गावाकडच्या बायकांसारखा होता. तिनं माझ्या अंगावरची साडी बघितली, मग माझ्याकडे, मग मान खाली घातली. मीपण घातली.

माझं माहेर पेणच्या आतल्या बाजूचं. भातशेतीचं गाव. भातकापणी झाली की माझी आई अशाच एका वाडीवर मजुरीला जायची. आम्ही तिला आये म्हणतो. तिला तिथं चहा मिळायचा. कप वेगळा. गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेला. पिऊन झाला की विसळायचा आणि परत तिथंच ठेवायचा. लहानपणी मी तिच्यासोबत जायचे, मी तो कप बघितलाय. कान तुटलेला होता.

मी शिकले ती तिथून बाहेर पडायला. सायन्स घेतलं, लॅबचा कोर्स केला. अलिबागला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. निखिल कॉलेजात भेटला. घरच्यांचा विरोध झाला, मग मावळला, लग्न झालं. त्याच्या घरात मला कुणी कधी शिवी दिली नाही. वेगळा कप दिला नाही. फक्त मी 'न्हाय' म्हटलं की कुणीतरी हसून 'नाही' म्हणायचं. मी 'व्हय' सोडलं. 'हाय' सोडलं. सासूबाईंसारखी साडी नेसायला शिकले. मला वाटलं, मी आत आले.

आणि मी सुपारीच्या खोलीत बसून गजांतून आलेला भात हातात धरून होते.

पंगत उठल्यावर सासूबाईंनी कडी काढली. "झालं हो. गेले पाहुणे. या आता," म्हणाल्या. माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नको." त्या वाईट नाहीत. जुईच्या फाटलेल्या पोलक्याची बाही त्यांनी तिथंच बसून टाचून दिली. कडीबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत.

परतताना गाडीत निखिल म्हणाला, "दादाचा तसा हेतू नव्हता."

"कडी लावली होती, निखिल."

"मागे समुद्र आहे. ती पळाली असती तर? म्हणून लावली असेल."

उत्तर तयारच होतं. तो पंगतीत बसून जेवला होता. आम्ही कुठं आहोत ते त्याला माहीत होतं.

जुई जन्मापासून अशीच आहे. तिच्या बारशाला बायका गायला लागल्या तेव्हा ती निळी पडेपर्यंत रडली होती. कपड्यांची लेबलं तिला टोचतात, मी सगळी कापून टाकते. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी तिला कळते. फोडणीचा वास आला की ती गॅलरीत जाते. फुगा नुसता बघितला तरी तिचे खांदे कानांपर्यंत येतात, तो फुटायची वाट बघत. सगळे म्हणायचे, लाडावलीय. एकुलती एक आहे. आई नोकरी करते. मीही थोडं थोडं तेच मानत होते.

मुंजीनंतर दोन आठवड्यांनी मी तिला पनवेलला एका थेरपिस्ट बाईंकडे नेलं. त्यांनी तिच्याशी तासभर नुसतं खेळून बघितलं. मग मला म्हणाल्या, "आपल्या डोक्यात एक गाळणी असते. नको तो आवाज, नको तो स्पर्श आपण बाजूला टाकतो. हिची गाळणी बारीक नाही. सगळं एकदम आत शिरतं. हा हट्ट नाही. तिला खरोखर दुखतं."

तिला खरोखर दुखतं.

मी रोज दुसऱ्यांच्या मुलांना सुई टोचते. रोज त्यांच्या आयांना सांगते, रडू दे त्याला, ओरडू नका, दुखतंय त्याला. हे सांगताना माझा आवाज किती मायेचा असतो, लोक येऊन कौतुक करतात.

त्या दिवशी पनवेलहून परत आल्यावर मी जुईसमोर खाली बसले. म्हटलं, "मी तुला मारलं ते चुकलं. तू काही केलं नव्हतंस." ती क्रेयॉनचे कागद सोलत होती. सोलत राहिली. मुलं लगेच गळ्यात पडतात वगैरे, तसं काही झालं नाही.

मग मी वेगळाच उपाय काढला. जायचंच नाही. लग्न, बारसं, वाढदिवस, सत्यनारायण, कुठंच नाही. ताप आहे. ड्युटी आहे. घरी पाहुणे आहेत. एक वर्ष मी खोटं बोलत होते आणि स्वतःला सांगत होते की पोरीला जपतेय. निखिल एकटा जायचा. येताना डब्यातून गोड घेऊन यायचा. त्या घराला आमचं न येणं फार सोयीचं पडलं. कुणी आग्रह केला नाही.

आमच्या खाली एक कुटुंब राहतं. त्यांच्या मुलीचा वाढदिवस होता, पार्किंगमध्ये. गाणी लावली होती. मी खिडक्या बंद केल्या, पंखा मोठा केला. जुई दिसेना म्हणून बघते तर गॅलरीत. दोन्ही हात कानांवर, कपाळ जाळीला टेकवलेलं, आणि खाली बघतेय.

"आत चल. त्रास होईल."

"मला केक नको," ती म्हणाली. "मला बघायचंय."

कान दाबून ती अर्धा तास बघत उभी होती. खालच्या मुली गोल गोल फिरत होत्या आणि हिचे पाय गॅलरीत हलत होते.

तिला माणसं नको होती असं नव्हतंच. तिला माणसांचा आवाज सोसत नव्हता. हा फरक मला, तिच्या आईला, पाच वर्षांत कळला नव्हता. तिला माणसांत जायचं होतं. मी तिला घरात ठेवत होते आणि तिला कुणी विचारलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी तिला घेऊन माहेरी गेले. आयेला आधी सगळं सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं, पोरीला वारा लागलाय, भगताकडे नेऊ. मी त्यावरून तिच्याशी भांडले होते. त्या दिवशी खळ्यात बसून मी तिला मुंजीचं सांगितलं. चावली ते. मी मारलं ते. सुपारीची खोली. कडी. गजांतून भात.

आये ऐकत होती. मग म्हणाली, "आन तू आतच बसलीस?"

"मग काय करणार?"

"दार बडवलंस न्हाय?"

"न्हाय."

"का?"

आये उठून आत निघून गेली. तिला माझा राग आला होता. त्यांचा नाही, माझा. सुपारीच्या वाडीवर तिला वेगळा कप होता आणि घरी चार पोरं उपाशी होती. तिला बोलायची सोय नव्हती. माझ्या हातात नोकरी होती, डोक्यात शिक्षण होतं, आणि मी दार बडवलं नव्हतं. पंगतीतले लोक ऐकतील म्हणून. मी जुईचे कान धरून बसले आणि माझं तोंड मीच धरून बसले.

त्या खळ्यात माझ्या आत काहीतरी सरळ झालं. त्याला दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

आम्ही माणसांत जायच्या तयारीला लागलो. मी आणि जुई. निखिलच्या कंपनीत मशिनच्या आवाजासाठी कानांवर घालायचे मफ मिळतात, तसे लहान मापाचे मागवले. तिनं लाल रंग निवडला. थेरपिस्ट बाईंनी शिकवलं तसं करत गेलो. सगळ्यांच्या आधी पोचायचं, मंडप रिकामा असताना. कुठून बाहेर पडता येतं ते तिला दाखवायचं. मऊ सुती फ्रॉक. पहिल्यांदा दहाच मिनिटं. खूप झालं की तिनं माझ्या मनगटावर दोनदा टिचकी मारायची, मी काही न विचारता उठायचं. काही न विचारता, हे महत्त्वाचं. पहिल्या सत्यनारायणाला सात मिनिटांत टिचकी मारली. शेजारच्या साखरपुड्याला पाऊण तास बसली. एकदा बिघडलं, फार वाईट बिघडलं. एका हॉलमध्ये फटाके लावले, तिला उचलून मी रस्त्यापर्यंत पळाले. पण पुढच्या वेळी तीच म्हणाली, जाऊया.

मग केतकीचं लग्न ठरलं. केतकी म्हणजे निखिलची धाकटी बहीण. जुईचा तिच्यावर फार जीव. केतकी तिच्याशी व्हिडिओ कॉलवर कुजबुजत बोलायची, म्हणून. "माझ्या लग्नात तू माझ्या शेजारी," असं तिनं जुईला सांगितलं होतं.

आठवडाभर आधी दादांचा फोन आला.

"जुईला तुझ्या आईकडे ठेवता येईल का? तिच्याच भल्यासाठी म्हणतोय. मुलाकडचे लोक मोठे आहेत. व्हिडिओवाले आहेत."

"केतकीनं तिला बोलावलंय, दादा."

"केतकी लहान आहे अजून."

"जुई येणार आहे. एक विनंती होती. अक्षता पडल्यावर वाजंत्री पाच मिनिटं उशिरा सुरू केली तर मी तिला..."

"मुहूर्त असतो. वाजणारच ती." मग म्हणाले, "बघ. तुझी जबाबदारी."

आम्ही सकाळी साडेसातलाच दादांच्या घरी पोचलो. लग्न बाराला होतं. मंडपात खुर्च्या मांडत होते. जुईनं सगळा मंडप फिरून बघितला, स्टेजवर जाऊन आली, स्पीकर कुठं आहेत ते तिनंच मला दाखवलं. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं तसं मी तिला घेऊन सुरूंकडे गेले. ताशे तिथपर्यंत ऐकू येत होते. मफ घालून ती वाळूत खड्डा खणत बसली. ताशे थांबल्यावर आम्ही परत आलो. झालं. इतकंच लागत होतं. इतक्या साध्या गोष्टीसाठी दोन वर्षांपूर्वी आम्हाला कोंडलं होतं.

घरच्यांचा फोटो होता. सगळे स्टेजवर. जुई केतकीशेजारी उभी राहिली, लाल मफ कानांवर. दिवे प्रखर होते, तिनं डोळे बारीक केले होते, पण ती उभी होती.

वहिनी म्हणाल्या, "ते कानावरचं काढ गं फोटोपुरतं. फोटोत कायमचं राहतं."

"राहू दे," मी म्हटलं.

वहिनींनी हात पुढे केला. जुई मागे सरकली, माझ्या साडीला धरलं. मी खाली बघितलं. तिनं टिचकी मारली नव्हती. तिला निघायचं नव्हतं. तिला तिथंच उभं राहायचं होतं.

मग दादा आले. तोच हळू आवाज. "नसेल काढायचं तर ती थोडा वेळ मागे बसेल. मागच्या खोलीत. मी बाई देतो सोबत." आणि त्यांनी जुईचा दंड धरला.

जुईच्या तोंडून एक बारीक आवाज आला.

"हात सोडा," मी म्हटलं.

"हळू बोल. लोक आहेत."

"लोक हायत म्हनूनच मोठ्यानं बोलतेय."

ते माझ्या तोंडून माझ्याच भाषेत आलं. नऊ वर्षांत त्या घरात मी ती बोलले नव्हते. आता थांबवता येत नव्हतं आणि मला थांबवायचंही नव्हतं.

"मुंजीच्या दिवशी तुमी मला आन माझ्या पोरीला सुपारीच्या खोलीत कोंडलंत. बाहेरून कडी लावलीत. गजांतून जेवाया दिलंत. तवा मी बोलले न्हाय. आज बोलतेय. माझी पोर त्या खोलीत जानार न्हाय. हात सोडा तिचा."

समोरच्या खुर्च्यांवर मुलाकडचे बसले होते. मुलाचे वडील स्वतःच्या बुटांकडे बघत होते. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा चालूच होता, त्या पोराला कळत नव्हतं बंद करावा की नाही.

दादांनी हात सोडला. लगेच नाही. पण सोडला.

सासूबाई रडायला लागल्या. "आज नको गं. आज लग्न आहे तिचं."

हे मला लागलं. अजून लागतं. त्यांचं रडणं खरं होतं. केतकीचा दिवस होता आणि तो मी मोडला, हेही खरं. पण मुंजीच्या दिवशीही 'आज नको' होतं. त्या घरात बोलायचा दिवस कुठला, ते मला कुणी सांगावं.

मी निखिलकडे बघितलं. तो दोन पायऱ्या खाली उभा होता. शेरवानीत. त्याचे कान लाल झाले होते. तो म्हणाला, "चला, फोटो घेऊन टाकू."

केतकीनं जुईला जवळ ओढलं. तिचे डोळे भरले होते. माझ्याकडे तिनं बघितलं नाही. फोटो निघाला.

मी निघून गेले नाही. निघून जाणं सोपं होतं, सगळ्यांना तेच हवं होतं. मी जुईला घेऊन पहिल्या पंगतीत बसले. टेबल-खुर्च्या होत्या, पानं मांडलेली. आमच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. वाढणाऱ्यांनी वाढलं. जुईला पदार्थ एकमेकांना लागलेले चालत नाहीत. ती पांढरा भात आणि मीठ एवढंच खाते. ती सावकाश खात होती, एकेक घास. मीही खाल्लं. पान पूर्ण संपवलं. लोक बघत होते आणि मी जिलबी मोडून खात होते. मग तिनं मनगटावर दोनदा टिचकी मारली. आम्ही उठलो, हात धुतले, केतकीला आणि जावईबापूंना नमस्कार केला, आणि निखिलच्या गाडीत जाऊन बसलो.

रेवदंडा आला. निखिल म्हणाला, "तू माझ्या बहिणीच्या लग्नात तमाशा केलास."

मी म्हटलं, "तमाशा मुंजीत झाला होता. तेव्हा तू जेवत होतास."

त्यानं गाडी कडेला घेतली. मागच्या सीटवर जुई मफ घालून झोपली होती. त्या विषयावर तो अजून बोललेला नाही. गेल्या महिन्यात पहिल्यांदा जुईला घेऊन तो एकटा पनवेलला गेला. त्यात मी फार काही शोधत नाही. तो अजून ठरवतोय. मी त्याच्यासाठी थांबलेली नाही.

घरच्या ग्रुपवरून मला काढलंय. लग्नाचा अल्बम आला, त्यात तो फोटो नाही. केतकीनं मला फोन केलेला नाही. तिच्याबद्दल मला वाईट वाटतं, पण मी ते वाक्य परत घेणार नाही. दादांनी निखिलकडून निरोप दिला की मी माफी मागितली तर येणं-जाणं पूर्वीसारखं राहील. मी विचारलं, पूर्वीसारखं म्हणजे कसं?

आता माझ्या धाकट्या भावाचं लग्न आहे. पेणला, माझ्या माहेरी. आमच्याकडे हळदीला डीजे लावतात. भिंती हलतात असा. मी भावाला फोन करून सांगितलं, जुई असेल तितका वेळ आवाज खाली ठेव.

तो म्हणाला, "ताये, एका दिवसाचा प्रश्न हाय. जुईला शेजारी ठेव ना कुनाकडं. पोरं नाचायची हायत."

माझा सख्खा भाऊ. जिच्या कपाचा कान तुटलेला होता, त्याच आयेचा मुलगा. त्याच्या हातात एकदाच मंडप आला आणि त्याला सगळ्यात आधी कुणाला बाहेर ठेवायचं ते कळलं.

म्हणजे हे फक्त त्यांचं नव्हतं. ज्याच्या घरी मंडप, तो ठरवणार माणसांत कोण बसेल. मग तो वाडीवाला असो, की माझ्या पाठचा भाऊ. मला वाटलं होतं एकदा बोलले की संपेल. ते संपत नाही.

मी त्याला सांगितलं, जुईला कुनाकडं ठेवनार न्हाय. हळदीला आम्ही चारला येतोय. पहिली हळद ती लावणार, तुझ्या हाताला, एका बोटानं, तिला चिकट चालत नाही म्हणून. तितका वेळ डीजे बंद. ती उठली की मग रात्रभर नाच. आणि बंद केला नाहीस तर मी स्वतः जाऊन बंद करीन, आणि का बंद केला ते तुझ्या सगळ्या मित्रांसमोर माइकवर सांगीन. मला आता येतं.

तो म्हणाला, "ताये, तू लय बदललीस."

मी फोन ठेवला आणि जुईला विचारलं, मामाच्या हळदीला जायचं का.

ती म्हणाली, "हो."

जाणार.